पांढरी गाडी घरी आली ती रात्र

रोहन, लाइट राहू दे बंद. अश्विन, ये, बस इकडे. ही गोष्ट माझी नाही, नझीरभाईची आहे. उरणकडचा माणूस, द्रोणागिरीत गोदामांच्या मागे त्याचं गॅरेज. आमच्या नेरुळच्या सोसायटीतल्या निम्म्या गाड्या त्याच्याकडेच जायच्या. थापा मारणारा माणूस नव्हे तो. थापा मारायलाही अंगात जोर लागतो, आणि नझीरभाई कायम दमलेला.

आमच्या वरच्या मजल्यावर वैदेहीताई राहतात. त्यांचे मिस्टर अभय रस्त्यात अपघात होऊन वारले, एवढंच आम्हाला माहीत. त्यांची एक जुनी जपानी स्पोर्ट्स कार होती. दोन दारांची, पांढरी, इतकी बुटकी की आत बसलं की जमिनीवर बसल्यासारखं वाटायचं. वर्षभर ती कुठल्याशा शेडमध्ये झाकून पडली होती. मग गिऱ्हाईक मिळालं. पण ताई म्हणाल्या, विकायच्या आधी एकदा तरी ती स्वतःच्या इंजिनावर घरी आली पाहिजे. टोइंग करून नको. का, ते त्यांनी सांगितलं नाही.

नझीरभाईने काम घेतलं आणि पस्तावला. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि आपली ही खाडीची हवा. टाकी आतून गंजलेली, कार्बोरेटरमध्ये पांढरा थर, रबरी नळ्या फुगून मऊ पडलेल्या. त्याने टाकी धुतली, नळ्या बदलल्या. गाडी थोडी चालायची, परत खोकायची. टाकीजवळची एक वाकडी नळी मात्र कुठेच मिळेना. गिऱ्हाईक घाई करत होतं. शेवटी जुनीच नळी त्याने क्लॅम्प आवळून ठेवून दिली. म्हणाला, नेरुळपर्यंत तर जाईल.

गेल्या वर्षीच्या महाशिवरात्रीची आदली रात्र. मंगळवार. दिवसा त्या रस्त्याला कंटेनरच्या रांगा, म्हणून जेवून निघाला. एकटाच.

उलव्याच्या अलीकडे, जिथे खारफुटी लागते, तिथे गाडी खोकली आणि बंद पडली. कडेला घेऊन काच उतरवली तर पेट्रोलचा वास. नळी निसटली, हे त्याला कळलं. उतरून बघायला हवं होतं. पण दिवसभर उभा राहून पायात त्राण उरलं नव्हतं. त्याने डोकं मागे टेकलं. डोळे मिटले.

"बसा. मी बघतो."

आवाज मागून आला. खालून. शांत, दमलेला. नझीरभाईला वाटलं, कुणी ट्रेलरवाला थांबला असेल. डोळे न उघडताच त्याने सांगितलं, टाकीजवळची नळी आहे.

"माहीत आहे."

खाली खुडबुड सुरू झाली. पत्र्याला काहीतरी घासलं. आडवं पडून कुणी सरकावं तसं. धाप लागल्यासारखा श्वास…

नझीरभाईने डोळे उघडले. आरशात नुसता रस्ता. ट्रेलर नाही. बाइक नाही. आणि मग त्याच्या डोक्यात आलं… ही गाडी जमिनीपासून वीतभर वर. जॅक लावल्याशिवाय खाली मांजर जाईल. माणूस नाही.

जॅक गॅरेजमध्येच राहिला होता.

खाली घासणं चालूच.

त्याचा हात दाराकडे गेला.

"उतरू नका… स्टार्टर मारा."

मारला. नुसती घरघर.

"परत."

इंजिनने धरलं. नझीरभाईने विचारलं, "तुम्ही… बाहेर आलात का?"

त्याने कान लावला.

गाडी हलवायची कशी? खाली कुणी असलं तर… तो तसाच बसून राहिला. पाय क्लचवर. किती वेळ, ते त्याला आजही सांगता येत नाही.

"न्या तिला घरी."

आता आवाज खालून नव्हता. बाजूच्या सीटवरून होता.

नझीरभाईने मान वळवली नाही. गिअर टाकला. उलवे… आम्र मार्ग… नेरुळ. एकदाही डावीकडे पाहिलं नाही.

मी तेव्हा खालीच होतो, वैदेहीताईंना सोबत म्हणून. गाडी आत आली. ताई बॉनेटवर हात ठेवून उभ्या राहिल्या, इंजिन बंद होईपर्यंत. नझीरभाई पायरीवर बसला, पाणी मागितलं, आणि सगळं सांगितलं.

ताई त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "अभय तिथेच गेला, नझीरभाई. गाडीखाली आडवा पडून नळी बसवत होता. जॅक सरकला."

आधी सांगितलं असतं तर गाडीला कुणी हात लावला नसता, असंही म्हणाल्या. नझीरभाई चिडला नाही. नुसती मान हलवली.

सकाळी पार्किंगमध्ये जॅक लावून गाडी उचलली. मीही वाकून बघितलं. क्लॅम्प नव्हता, वाटेत कुठेतरी पडला असणार. नळी मात्र जागेवर. तिच्यावर बुटाची एक तपकिरी लेस गुंडाळलेली. करकचून. वर दुहेरी गाठ. पेट्रोलचा थेंब नाही.

नझीरभाईच्या पायात चपला होत्या.