चालण्यातलं वजन

"अहो, माझं नाक खरंच एवढं मोठं आहे?"

आवाज अगदी कानाशी आला तशी ती दचकली. पेन्सिल घसरली, आणि कागदावरच्या माणसाच्या नाकाला आणखी एक शेंडा फुटला. तिने वळून पाहिलं. मागच्या बाकावरून पुढे वाकून एक उंच, दांडगा तरुण तिच्या वहीत डोकावत होता. उजवा हात झोळीत अडकवलेला, आणि चेहऱ्यावर असं हसू, जणू चोरी तिची नाही, त्याचीच पकडली गेली होती.

"तुम्ही नाही आहात हे," तिने घाईघाईने वही छातीशी धरली.

"बरं. म्हणजे माझ्यासारखाच हात गळ्यात अडकवून दुसराच कुणीतरी आत्ता काउंटरपर्यंत जाऊन आला."

"मला नाक काढायचंच नव्हतं. चाल काढत होते."

"मग कशी आहे माझी चाल?"

तिने क्षणभर विचार केला. "आधी छाती येते... मागून तुम्ही येता."

तो इतक्या मोठ्याने हसला, की आतल्या खोलीतून फिजिओ मॅडमनी डोकं बाहेर काढलं. हाताच्या दुखण्यांवर उपचार करणारं ते केंद्र. भिंतीला टेकून बाकं, बाकांवर पट्ट्यांत गुंडाळलेले हात, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर तोच कंटाळा. इथे असं कुणी हसत नसे.

"आणि तुमचा हात?" त्याने तिच्या मनगटावरच्या पट्ट्याकडे हनुवटी उडवली. "लोक इथे हाताला आराम द्यायला येतात. तुम्ही इथेही त्याला राबवताय. मॅडमना सांगू?"

"नका ना सांगू—"

तिने ते इतकं काकुळतीने म्हटलं, की त्याचं हसू जरासं उतरलं.

"गोली, आत या," मॅडमनी हाक मारली. तो उठला. तो क्लबच्या फुटबॉल संघाचा गोलरक्षक होता; मैदानावरचं हे टोपणनाव इथेही त्याच्या मागे आलं होतं. दाराशी जाऊन तो थांबला, वळला, आणि छाती मुद्दाम पुढे काढून कोंबड्यासारखा ऐटीत आत गेला.

ती हसली. खूप दिवसांनी हसली, आणि हसताना गालही दुखतात हे तिला नव्याने कळलं.

ॲनिमेशनच्या शेवटच्या वर्षाला होती ती. पदवीसाठी स्वतःची छोटी फिल्म करायची होती, आणि तिने विषय निवडला होता स्वतःचे बाबा. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. रोज सकाळी अवजारांची जड पिशवी खांद्याला लावून निघायचे, आणि ती खिडकीतून त्यांना वळणापर्यंत बघायची. ती शाळेत असतानाच एका दिवशी ते कामावर गेले आणि तिथेच त्यांचं हृदय थांबलं. घरात त्यांचे फोटो पुष्कळ होते, पण फोटो काही चालत नाहीत. तिला हवी होती ती त्यांची चाल. पाठमोरी, पिशवीच्या भाराने एका अंगाला कललेली, तरी घाईची. एकेक चित्र हाताने काढून तिला ती पुन्हा चालती करायची होती.

सरांनी पहिला भाग पाहिला.

"चालतोय," ते म्हणाले, "पण वजन नाही गं त्याच्यात. फुग्यासारखा तरंगतोय. बाहेर जाऊन माणसं बघ. रोज जिवंत माणसांची रेखाटनं कर, वही भर, मगच फिल्मला हात लाव."

ती वह्या भरू लागली. बसथांब्यावर, बाजारात, इस्पितळाच्या आवारात, जिथे माणूस पाय उचलेल तिथे. उरलेला दिवस फिल्मसाठी लाइटबॉक्सवर, खालून उजेड येणाऱ्या काचेच्या पाटावर, वाकून. मग एक दिवस मनगटातून अशी कळ गेली, की चहाचा कप हातातून निसटला.

"शिरेला सूज आहे," फिजिओ मॅडम म्हणाल्या होत्या. "दिवसातून थोडाच वेळ चालव हात. एक तर तुझा तो सराव, नाहीतर फिल्म. दोन्ही नाही."

दोन्ही नाही कसं चालेल? सराव सोडला तर बाबा तरंगत राहणार. फिल्म सोडली तर बाबा नाहीतच. ती दोन्ही करत राहिली. आईने विचारलं की म्हणायची, "अगं, बरंय आता."

पुढच्या खेपेला गोली तिच्या शेजारीच येऊन बसला.

"मी विचार केला," तो म्हणाला. "तुम्हाला चालणारी माणसं हवीत. मला हल्ली चालण्यावाचून काही काम नाही. चालू का तुमच्यासाठी?"

"अहो, पण—"

"आधी ते 'अहो' काढा. मला एकदम लग्न झाल्यासारखं वाटतं."

तिचे कान तापले. "सुरुवात तुम्हीच केलीत."

"मग संपवतोही मीच. तू चित्र काढ, मी चालतो. ठरलं?"

ठरलं. उपचार आटोपले की दोघं क्लबच्या मैदानावर जायची. दुपारी तिथे कुणी नसे. प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर ती वही उघडून बसे, आणि तो समोरच्या रेषेवरून इकडून तिकडे चालत राही. कधी म्हाताऱ्यासारखा, कधी उशीर झालेल्या कारकुनासारखा, कधी चप्पल चावणाऱ्या नवरीसारखा. मग घामाघूम होऊन तिच्या खालच्या पायरीवर येऊन बसे.

"दाखव."

"नाही."

"नाक पुन्हा मोठं काढलंस ना?"

"आज नाक काढलंच नाही."

"बघ! लाजलीस नाकाला."

त्याचं मनगटाचं हाड मोडलं होतं, ऑपरेशनही झालं होतं. "मोसम सुरू व्हायच्या आत गोलमध्ये उभा राहतो की नाही बघ," असं तो येता-जाता म्हणे. ते म्हणताना त्याची नजर जाळीकडे जाई... आणि लगेच परत येई. तिला ते दिसायचं. माणसं बघणं हाच तर तिचा सराव होता. पण तिने कधी विचारलं नाही. स्वतःच्याच दुखण्यात ती एवढी बुडालेली होती, की त्याच्या हसण्यावर विश्वास ठेवणं तिला सोयीचं होतं.

एका दुपारी तिने त्याला बाबांबद्दल सांगितलं. पिशवी कुठल्या खांद्यावर असायची, ते वळणाशी जरा थबकायचे ते. गोली उठला, आपली खेळाची मोठी थैली डाव्या खांद्यावर चढवली आणि तिच्याकडे पाठ करून चालू लागला.

कडेला झुकलेला खांदा, तोल सांभाळायला बाहेर फेकलेला पाय... एका क्षणापुरते, फक्त एका क्षणापुरते ते बाबाच होते. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. हातातली पेन्सिल तशीच राहिली.

तो परत आला तेव्हा ती रडत होती. त्याने थैली खाली ठेवली, जरा घुटमळला, आणि डाव्या हाताने, शिवायला भीत असल्यासारखा, तिच्या कपाळावरची बट मागे सारली.

"पुन्हा चालू?" त्याने हळूच विचारलं.

"नको," ती म्हणाली. "मिळालं मला."

मग मात्र तिने मागेपुढे पाहिलं नाही. मनगटाला फडकं घट्ट आवळून ती लाइटबॉक्सवर बसली ती बसलीच; मैदानावर जाणंही सुटलं. दुखलं की थांबायची, बर्फ लावायची, पुन्हा बसायची. तो संपूर्ण प्रसंग तिने नव्याने काढला, दारापासून वळणापर्यंत. सरांनी तो पाहिला आणि खुर्चीत पुढे सरकले.

"आलं! वजन आलं." त्यांनी तो पुन्हा पाहिला. मग चष्मा काढला. "पण हा कोण आहे गं?"

"बाबा आहेत, सर."

"नाही. तुझे बाबा घाईत निघालेले, तुझ्याकडे पाठ. खिडकीतून आपल्याला कुणी बघतंय हे त्यांना ठाऊकसुद्धा नव्हतं, असं तूच लिहिलंयस ना? हा पोरगा वेगळा आहे. आपल्याकडे कुणीतरी बघतंय हे ह्याला पक्कं माहीत आहे... आणि ते त्याला आवडतंय."

तिने पडद्याकडे पाहिलं. तो प्रत्येक पाऊल तिच्या नजरेसाठी टाकत होता. आणि रेषा तिच्याच होत्या, मऊ आणि लाडावलेल्या. प्रेमात पडल्याचं माणसाला असं कळावं? भर वर्गात, सरांसमोर, स्वतःच्याच चित्रातून? त्या आनंदाला नीट कवटाळण्याआधीच दुसरी गोष्ट तिच्या लक्षात आली. तिने डोळे मिटले. बाबांची चाल आठवायचा प्रयत्न केला. डोळ्यांपुढे आला तो गोलीच.

घरी येऊन तिने तो प्रसंग आईला दाखवला. आई पदराने हात पुसत उभ्या उभ्या बघत राहिली.

"हे ते नाहीत," आई म्हणाली.

"मग कसे चालायचे गं ते? तू दाखव ना. चालून दाखव, मी काढते."

आई खोलीच्या मधोमध गेली. एक खांदा तिने खाली केला. एक पाऊल टाकलं, थांबली. दुसरा खांदा खाली केला. पुन्हा थांबली. आणि तिथेच उभी राहून तिने लेकीकडे असं पाहिलं, जसं रस्ता चुकलेल्या पोरीने बघावं.

"आठवत नाही गं," आई म्हणाली. "मलाच आठवत नाही."

त्यानंतर तिने फिल्म वाचवायची धडपड केली ती नुसती धडपडच. प्रत्येक कागदावर गोली उतरायचा. ती खोडायची, पुन्हा काढायची, पुन्हा तोच. त्या हट्टात मनगटाने पुरते हात टेकले. एका सकाळी तिला पेन्सिल धरताच येईना. फिजिओ मॅडमनी या वेळी रागावण्याचेसुद्धा कष्ट घेतले नाहीत. "काही महिने पूर्ण बंद," एवढंच म्हणाल्या. "ऐकलंस तर हात परत मिळेल. नाहीतर नाही." फिल्म द्यायची तारीख आली आणि गेली. वर्गातल्यांच्या फिल्म मोठ्या पडद्यावर दाखवल्या गेल्या. ती मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती, एका हाताने मांडीवर.

"गोली आला होता का?" तिने केंद्रात विचारलं.

"त्याचं येणं थांबलं," मॅडम म्हणाल्या, आणि पुढे काही सांगायच्या आत त्यांनी नजर खाली वळवली.

ती तडक मैदानावर गेली. सराव चालू होता. गोलमध्ये दुसराच कुणी उभा होता, आणि जाळीच्या मागे गोली, बाहेर गेलेले चेंडू पायाने परत ढकलत होता. तिला पाहून तो कुंपणापाशी आला.

"हाड जुळलं नाही," तिने विचारायच्या आधीच तो म्हणाला. "पुन्हा ऑपरेशन करतील. पेला उचलेन, दार उघडेन. चेंडू अडवायचा नाही आता, कधीच."

"केव्हापासून माहीत होतं?"

"तुझ्यासाठी चालायला लागलो... त्याच्या आधीपासून."

तिला आपलं सगळं बोलणं आठवलं. माझा हात, माझी फिल्म, माझं वर्ष. तो खालच्या पायरीवर बसून ऐकायचा, आणि शेवटी काहीतरी बोलून तिला हसवायचा.

"तू बोलला का नाहीस?"

"तू बघायचीस ना माझ्याकडे..." तो हसायला गेला, पण जमलं नाही. "चांगला दिसत होतो तिथे. धड."

चेंडू कुंपणावर आदळला. दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं नाही.

"मला तू आवडतोस," ती म्हणाली. एवढ्या दिवसांत जुळवलेली सगळी वाक्यं बाजूला राहिली, आणि हे एवढंच बाहेर पडलं. "माझ्या बाबांच्या जागी तू येऊन बसलायस. त्याचा मला राग येतो. आणि तरी आवडतोस."

तो कुंपणाची तार चाचपत राहिला.

"मलाही तू आवडतेस. त्या नाकापासून." मग त्याचा आवाज खाली गेला. "पण मी जातोय. थोरल्या भावाकडे, दुसऱ्या गावी. त्याच्या गोदामात बसेन."

"का? राहा ना... आपण दोघं मिळून—"

"ऐक. तुझा हात बरा होणार. पुढच्या वर्षी तू पुन्हा बसशील, काढशील. मला आनंद होईल, खरंच होईल. आणि त्याच वेळी मी आतून जळेन. आत्ताच जळतोय. मॅडमनी मला तुझ्या हाताचं सांगितलं ना, तेव्हा पहिला विचार काय आला माहितीय? हिचा तरी का बरा व्हावा." त्याने मान फिरवली. "तुझ्याजवळ तसला माणूस होऊन मला राहायचं नाही."

तो खोटं बोलला असता तर ती भांडली असती. तिने कुंपणातून बोटं घातली. त्याने ती धरली. कुणीतरी शिट्टी वाजवेपर्यंत दोघं तशीच उभी होती. मग त्याने हात सोडवून घेतला आणि तो चेंडू आणायला गेला. ती फाटकाबाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी तो गेला. ती निरोप द्यायला गेली नाही. दुपारी आईपुढे जमिनीवर बसली होती. उजव्या हातात कंगवाही धरवत नव्हता, म्हणून वेणी आता आईच घालायची. कंगवा केसांतून सावकाश फिरत होता.

"त्या चित्रातला," आईने मागून विचारलं, "कोण होता गं?"

तिने सगळं सांगितलं. नाकाचं, कोंबड्याच्या चालीचं, कुंपणाचं. सांगता सांगता मधे हसलीही. आईने मधे एकदाही तोडलं नाही.

"चांगला होता?"

"हो."

आईने कंगवा बाजूला ठेवला. अर्धी घातलेली वेणी आपसूक उलगडली.

"मग रडून घे आधी," आई म्हणाली, आणि तिचं डोकं मांडीवर ओढून घेतलं. "वेणी काय, मागाहून घालू."