हिरव्या दोऱ्याचा वार

पेडगावच्या कपाशीच्या बियाणं-प्लॉटवर मनकर्णा कडेवरच्या लेकीला, चिमीला, सावरत पोचली, तर एक अनोळखी माणूस ओळीत वाकून कळ्यांना हिरवे दोरे बांधत होता.

"अहो, हे काय करायलात?"

"मी बन्सीधर... नवा सुपरवायझर. रोजच्या कळ्यांना निराळा रंग, म्हणजे कामात घोळ न्हाई. आज हिरवा."

"हिरव्या पानात हिरवा दोरा? उद्या सकाळी दुर्बीण लावून शोधायचा का, साहेब?"

बायका खिदळल्या. त्याचे कान लाल झाले... आणि मग तोही हसला.

काम तसं जिवाला घोर लावणारं. संध्याकाळी कळी नखानं सोलून आतले नर-केसर काढायचे, दोरा बांधायचा. दुसऱ्या सकाळी ऊन चढायच्या आत तिच्यावर दुसऱ्या वाणाचं फूल फिरवायचं. उशीर झाला की कळी वाया. बी.ए. झालेली मनकर्णा बायकांची मुकादम. नवरा गेल्यापासून घर तिच्याच कमाईवर.

त्या दिवसापासून सोमवारी लाल, मंगळवारी पिवळा, असे वार ठरले. हिरवा तेवढा बाद.

"तुमच्या आवडीचा रंग कोणता?" तो एकदा विचारून गेला.

"वेळेवर सापडंल तो."

पण दोरे घेताना बोटांना बोटं लागली, की दोघंही उगाच आभाळाकडे बघायची.

मग एका संध्याकाळी तो हळूच म्हणाला, "कळ्या संपत आल्या. पुढं माझी बदली देवगाव फाट्याला... तुमी याल? लग्न करून? शेवटच्या दिवशी सांगा."

त्या रात्री सासू, कस्तुराबाई, म्हणाली, "जा बाई, तुझं वय हाय. पण लेकराला त्यो आपलं म्हणंल का, ते बघ आधी."

मनकर्णा बघत राहिली. चिमी बाभळीखालच्या झोळीत रडायची, त्याच्याकडे हात करायची... तो लांबूनच हसायचा. कधी उचललं न्हाई. आपल्याला बोलावतो, लेकराला न्हाई. मग काय सांगायचं?

एका सकाळी आभाळ भरून आलं. पावसाच्या आत पिवळे दोरे उरकायला हवेत! मनकर्णा पार दूरच्या टोकाला, हात फुलांत, जीव झोळीत. टपोरे थेंब पडले. ती चिखल तुडवत पळत सुटली...

झोळी रिकामी!

बाभळीच्या बुंध्याशी बन्सीधर पोतं आडोशाला धरून बसला होता. पोटाशी चिमी, त्याच्या खिशातला पेन चोखत. तो स्वतः निथळत होता.

"तुमच्या ओळी राहिल्या की! वरचे साहेब ओरडतील—"

"ओरडू द्या. उद्या निळ्या दोऱ्याच्या कळ्या हायेतच. ही आजच रडायली होती."

"मग इतके दिवस... का न्हाई उचललं?"

तो खाली बघत म्हणाला, "तुमी काही बोलला न्हाईत अजून. हिला लळा लावला असता, अन् तुमी नको म्हणाला असता तर... हिनं काय करावं?"

मनकर्णानं पदर पुढं केला. चिमीसाठी की त्याच्यासाठी, तिचं तिलाच कळेना.

शेवटच्या दिवशी ओळी संपल्या. बायका बांधावर येऊन टेकल्या. मनकर्णानं कनवटीचा दोरा काढला आणि सगळ्यांदेखत हात त्याच्यापुढं धरला. नवरा गेल्यापासून त्या मनगटावर हिरवं काही चढलं नव्हतं.

"हिरवा?" तो चाचरला. "हा तर आपल्या कुठल्याच वाराचा न्हाई..."

"रोजच्या कामाचा न्हाईच हा. एकदाच बांधायचाय."

"पण... लोकाला दिसंल."

"पानात दिसत न्हाई, साहेब," ती ओलं हसली. "इथं दिसू द्या."