उपटलेला लव्हाळा

सोमवारी सकाळी कारखान्याचं तळं बोडकं सापडलं. वर्षभर वाढलेला लव्हाळा दोन दिवसांच्या सुट्टीत नाहीसा झाला होता.

पोलीस सार्जंट ताराइविनी काठावर उभी राहून ते बघत होती. कीड लागू नये म्हणून लाकडाला औषध मारल्यावर उरणारं पाणी या तळ्यात यायचं. लव्हाळ्याची मुळं त्यातलं तांबं आणि सोमलाचं विष ओढून घ्यायची, मगच ते ओढ्यात सुटायचं. ओढ्याच्या खालच्या अंगाला नासोलो गाव होतं.

"चोर उघड आहे," व्यवस्थापक शरण म्हणाले. "सैनिमेरे. चटया विणते. मागच्या महिन्यात लव्हाळा मागायला आली होती. विषारी आहे म्हणून मी हाकलली. आता कोयत्यानं साफ कापून नेला."

ताराइविनीनं बाही सारून पाण्यात हात घातला. खाली एकही खुंट लागला नाही. लव्हाळा कापलेला नव्हता, उपटलेला होता.

औषधाच्या टाकीच्या झडपेवरचा कामगार इसिकेली मान खाली घालून उभा होता. सैनिमेरेचाच जावई.

"सुट्टीत इथं कोण होतं?"

"कुणी नाही, बाई."

"झडप?"

"बंदच होती."

लाकडाच्या भुशाच्या ढिगामागे तिला लव्हाळा सापडला. लांब, आखूड, सगळा एकत्र. शेंडे करपलेले. चटया विणायला नेलेला माल कुणी असा फेकून देईल का?

त्यातली एक काडी घेऊन ती नासोलोत सैनिमेरेकडे गेली.

"मी चोर?" म्हातारी उसळली. "मागितला होता, हो. विष आहे म्हणाले, विषय संपला!" मग काडी पाहून ती हसलीच. "ही वीतभर काडी कुठल्या गाढवानं उपटली गं? आम्ही कोयता लावत नाही, डोक्याएवढी झाली तरच मुळासकट ओढतो. आखूड राहू देतो पुढच्या खेपेला."

"पुरुष उपटतात कधी, मावशी?"

"त्यांना लव्हाळ्याच्या पाण्यात पाय टाकायची बंदी आहे. आम्ही भारे घरी आणतो, तेवढे बघतात. बस, जेवून जा. ओढ्यातले शिंपले आहेत, नारळाच्या दुधातले. जावयाच्या आवडीचे, पण शुक्रवारपासून शिवत नाही मेला."

ताराइविनीनं पुढं आलेलं ताट बाजूला सारलं.

"मावशी, चुलीवरचं भांडं उतरवा. आणि इसिकेलीला बोलावणं पाठवा."

तो आला तसा ताराइविनीनं आडपडदा ठेवला नाही.

"बाहेरच्यानं कोयता चालवला असता. शरणसाहेबांनाही तेच वाटलं. उपटलाय, म्हणजे गावातलं कुणीतरी. पण बाईनं आखूड काड्या सोडल्या असत्या. म्हणजे गावातला पुरुष. भारे पाहिलेला, पाण्यात कधी न उतरलेला. शेंडे करपलेत, म्हणजे कच्चं औषध तळ्यात शिरलं. झडप कुणाच्या हातात असते, इसिकेली?"

तो खाली बसला.

"गुरुवारी दुपारी कावा जास्त प्यायलो, गुंगी चढली. डोळा लागला. उठलो तर झडप उघडीच. उद्या सरकारी तपासणी आहे, करपलेला लव्हाळा दिसला असता तर नोकरी गेली असती."

"म्हणून चोरीचा देखावा. ओढ्यात काय गेलं ते माहीत होतं तुला. स्वतः शिंपले सोडलेस. गावाला सांगितलंस?"

"बायकोला, लोसालिनीला म्हटलं होतं, खाऊ नको."

"का ते सांगितलंस?"

"नाही."

ताराइविनीला त्याची कीव आली आणि संतापही आला. आत लोसालिनी दोन महिन्यांच्या बाळाला पाजत होती. चार दिवस घरात तेच कालवण शिजत होतं.

गावच्या रीतीनं सासू जावयाशी बोलत नाही. लग्नाला सहा वर्षं झाली, सैनिमेरेनं त्याच्याशी एक शब्द काढला नव्हता. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"ऊठ," ती म्हणाली. "घरोघर जाऊन सांग. पहिलं घर हेच."