हिरव्या नळीतली झुंबड

"नळ्यांची अदलाबदल झालीय," कंपाउंडरकाका म्हणाले. "आता नळ्यांजवळ सकाळपासून कोण घुटमळत होतं, ते मी कशाला सांगू?"

टिकलीला मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या. सुट्टी लागल्यापासून मावशीच्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शकासमोर पंडितच बसायचा. मावशी सख्खी टिकलीची, आणि मान मात्र मावशीच्या दिराच्या मुलाला. टिकलीने नुसत्या नळ्या विसळायच्या. जळफळाट होणार नाही तर काय?

मावशी हिरड्यांची डॉक्टर. लोकांना चूळ भरायला लावून त्या पाण्यातल्या पांढऱ्या पेशी ती तपासायची. हिरड्या सुजलेल्यांच्या नळीला लाल झाकण, निरोगी माणसाच्या नळीला हिरवं. आज हिरव्या नळीतच पेशींची झुंबड उडाली होती.

"काकू, मी हातसुद्धा लावला नाही," पंडित रडवेला होऊन म्हणाला.

"उद्यापासून इथे यायचं नाही," मावशीने बजावलं.

सुंठीवाचून खोकला गेला! टिकली ऐटीत सूक्ष्मदर्शकासमोर बसली. हिरव्या नळीच्या काचपट्टीवर पेशी फुगून जंतूंवर जाळी टाकत होत्या. तिने लाल नळ्यांच्या पट्ट्या पाहिल्या. सगळीकडे तोच धुमाकूळ.

अदलाबदल झाली असती, तर एका तरी लाल नळीत पेशी निवांत दिसायला हव्या होत्या. म्हणजे नळी बरोबर होती, तोंडच आजारी होतं.

बोलावं, तर पंडित परत येणार. गप्प बसावं, तर उद्या घरबसल्या हे त्यालाच सुचणार आणि शाबासकीही तोच खाणार. हे मात्र तिला मुळीच सोसवेना. ती बाहेर पायरीवर बसलेल्या पंडितकडे गेली.

"हिरवी नळी कोणाची रे?"

"कंपाउंडरकाकांचीच. निरोगी माणूस आला नाही, की ते स्वतःच चूळ भरतात. म्हणतात, माझे दात लोखंडाचे."

टिकलीने मावशीच्या डब्यातलं सफरचंद उचललं.

"काका, एका घासात याचा मोठा लचका तोडून दाखवा बघू. पंडित म्हणतो, तुम्हाला जमणार नाही."

"मला?" काकांनी कचकन चावा घेतला. पांढऱ्या गरावर रक्ताचे लाल ठिपके उमटले.

मावशीने बॅटरी घेऊन त्यांचं तोंड तपासलं. "दिव्याखाली अंधार! रोज शेजारी उभे राहता, आणि तुमच्या हिरड्या मी कधी पाहिल्याच नाहीत. पंडित, चुकले रे मी. या पेशींचंही असंच होतं. जंतूंवर तुटून पडताना आपलं-परकं कळत नाही, हिरडीही पोखरून काढतात."

टिकलीने गुपचूप मान खाली घातली.

"आणि तू, बाळा," मावशीने तिला जवळ ओढलं, "तुझी नजर भारी आहे."

हात धुताना पंडित हळूच म्हणाला, "मी तुझ्या जागी असतो, तर गप्प बसलो असतो."

"का?"

"काकू मला हुशार म्हणतात. बाळा कधीच म्हणत नाहीत."

टिकलीने टॉवेल त्याच्या हातात दिला.