शांत बोट आणि रेडिओ

"इथे सगळ्यात शांत बोट कोणाची?" तिने धक्क्यावर उभं राहून विचारलं, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

"आपली!" एका निळ्या बोटीतून उत्तर आलं. "इंजिनाचा आवाज म्हणाल तर शप्पथ, झोपलेलं बाळ उठणार नाही. या, बसा. जपून, ती फळी ओली आहे. बॅगेत काय दगड भरलेत का? द्या इकडे. बेटं बघायची का नुसता किनारा?"

एवढं सगळं एका दमात ऐकल्यावर तिने तिथूनच मागे फिरायला हवं होतं. पण इंजीन खरंच शांत होतं. तिने इंजिनाची खात्री करून घेतली, कप्तानाची करायची राहिली. धक्क्यावर त्याला सगळे 'रेडिओ' म्हणतात, हे कळलं तोवर बोट बंदराबाहेर पडली होती.

तिचं काम आवाज गोळा करायचं. शहरातल्या संग्रहालयात समुद्राचं नवं दालन उघडणार होतं, आणि तिथे लोकांना आसपासच्या किनाऱ्याचे, बेटांचे आवाज ऐकवायचे होते. इतकी वर्षं ती दुसऱ्यांच्या हाताखाली राबली, केबली गुंडाळल्या, आणि नाव लागलं साहेबांचं. हे पहिलं काम तिच्या स्वतःच्या नावावर होतं. त्यात एक आवाज हवाच होता – सगळ्यात लांबच्या बेटावरच्या गुहेचा श्वास. भरतीचं पाणी गुहेत शिरलं की आतली हवा वरच्या फटीतून हुश्श करत बाहेर पडते, लाट मागे हटली की पुन्हा आत ओढली जाते. पाणी फार चढलं की गुहेचं तोंड बुडतं आणि श्वासही बंद. दालनाचं काम बघणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, "तो आवाज नसेल तर मला काम दुसऱ्या कोणाला द्यावं लागेल. आणि मागे इंजीन नको, माणूस नको."

माणूस नको म्हणे! आणि नशिबी आला रेडिओ.

"हे काय, मांजर पाळलंय का?" माइकवरच्या केसाळ टोपीकडे बघून त्याने विचारलं.

"माइक आहे. वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून टोपी. आता जरा शांत बसाल?"

"बसलो की. मी काय बोलतोय? ते समोरचं बेट दिसतंय ना, त्याला आम्ही टकलं बेट म्हणतो, वर एक झाड नाही बघा. त्याच्या मागचं ते—"

"अहो!"

"बसलो, बसलो."

तिने हेडफोन कानावर चढवले, माइक पाण्याकडे धरला. लाटांची चुळबुळ, एका पक्ष्याची हाक... आणि मग अगदी कानाशी, हलक्या आवाजात – "बघितलंस ना म्हातारे, कसली खडूस आहे. हसायला पैसे पडतात वाटतं हिला."

ती गर्रकन वळली. तो निरागस चेहऱ्याने सुकाणू धरून लांब बघत होता, आणि बोटीच्या कठड्यावर प्रेमाने थोपटत होता. म्हातारी म्हणजे बोट! तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. या शहाण्याला वाटत होतं, कानावर एवढे मोठे गोळे चढवले की माणूस बहिरा होतो. माइकमुळे उलट कुजबूजही तिला खणखणीत ऐकू येते, हे त्याच्या गावीही नव्हतं.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. नाही सांगितलं. रागाच्या भरात तिने ठरवलं, ऐकू तरी दे हा बाबा अजून काय काय तारे तोडतो.

आणि त्याने तोडले. पुढच्या फेरीत, तिने हेडफोन लावायचा अवकाश – "म्हातारे, खडूस आहे खरी, पण केस बांधताना दातात पिन धरते ना, तेव्हा... जाऊ दे, तुला काय कळणार." त्याच्या पुढच्या फेरीत, "आज हसली बघ! गालाला खळी पडते गं. आईला सांगितलं काल, तर ती म्हणते, मला सून बोलकी हवी. आता दोघं बोलके झाल्यावर ऐकणार कोण, तूच सांग."

तिने दात आवळले. हसू बाहेर फुटू नये म्हणून आवळले, पण तिने स्वतःला बजावलं की हा रागच आहे. दिवसभराचं काम वाया जात होतं. राग यायला नको?

घरी तिची खोली ताईबरोबर वाटून घेतलेली. खिडकीला जाड रजई लावून, कपाटाच्या आणि पलंगाच्या मधल्या बोळात तिने स्टुडिओ थाटला होता. ताई इस्त्री करत होती आणि स्पीकरमधून कप्तान टकल्या बेटाची कुळकथा सांगत होता.

"कोण गं हा?" ताईने विचारलं.

"डोकेदुखी."

"मग पुसून टाक ना."

"टाकणारच आहे."

"मघापासून तेच ते ऐकतेयस म्हणून म्हटलं."

"काम आहे ते, ताई!"

"हो हो, कामच." ताईने इस्त्री बाजूला ठेवली. "आवाज छान आहे पण डोकेदुखीचा."

तिने तावातावाने स्पीकर बंद केला. पुसलं मात्र काहीच नाही.

शेवटची फेरी आली. दुसऱ्या दिवशी सगळे आवाज बाईंच्या हवाली करायचे होते. आकाश भरून आलं होतं, वारा पडलेला, समुद्र तिला हवा तसा संथ. त्याने बोट गुहेसमोर आणली, नांगर टाकला, इंजीन बंद केलं.

"आता तोंड उघडलंत ना, तर समुद्रात ढकलून देईन," ती म्हणाली.

"मला पोहता येतं."

"रेडिओ!"

"गप्प. एकदम गप्प." त्याने ओठांवर बोट ठेवलं.

तिने हेडफोन लावले. आणि आला तो आवाज – आतून, खोलवरून, हुश्श करत. थांबला. पुन्हा आत ओढला गेला. तिच्या अंगावर काटा आला. अजून थोडा वेळ, बस, अजून थोडाच...

"म्हातारे," कानात कुजबूज आली, "आज शेवटची फेरी. उद्यापासून येणार नाही ही. काय करू गं मी? काम नसलं तरी येत जा, असं कोणत्या तोंडाने सांगू हिला?"

"अरे देवा!" ती किंचाळलीच. "गेला! सगळा टेक गेला!"

"मी... मी तर हळू बोललो! तुमच्या कानावर ते होतं ना!"

"अहो शहाणे, हे घातलं की जास्त ऐकू येतं! त्याच्यासाठीच असतं ते!"

त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे... पहिल्या दिवशीचं..."

"खडूस. ऐकलं."

"आणि ते... पिनेचं..."

"ऐकलं."

"आईचं?"

"सून बोलकी हवी. ऐकलं!"

तो मटकन फळीवर बसला. "मग सांगितलं का नाहीत तुम्ही? इतके दिवस!"

उत्तर तिच्याकडे होतं, हीच तर पंचाईत होती. तिने तोंड फिरवलं. गुहेच्या तोंडाशी पाणी चढत चाललं होतं, आणि आता तिला राग नाही, भीती वाटायला लागली. "माझ्या नावाचं पहिलं काम आहे हे," ती म्हणाली. "कधी मिळेल परत, माहीत नाही. आणि ते तुमच्या तोंडापायी बुडतंय."

तो एकदम उठला. त्याने पाण्याकडे बघितलं, खडकाकडे बघितलं. "अजून थोडा वेळ आहे. नांगराचा दोर सैल सोडून बोट आणखी आत नेतो, आवाज जवळून मिळेल. पण मॅडम... मी बोलणार नाही याची खात्री माझी मलाच नाही हो. तोंडातून कधी निघतं, कळतच नाही."

हे मात्र त्याने अगदी खरं सांगितलं होतं. तिने कानावरचे हेडफोन काढून त्याच्या डोक्यावर चढवले.

"मग तुम्ही कशा ऐकणार?"

"मशीनवरचा आवाजाचा काटा बघेन. तुम्ही ऐका. नुसतं ऐका."

बोट खडकाजवळ सरकली. तिने बटण दाबलं आणि माइक पुढे केला. काटा हलला, चढला, उतरला. पण तिचं अर्धं लक्ष त्याच्याकडेच. त्याचे डोळे हळूहळू मोठे झाले. जन्मापासून ज्या पाण्यावर वावरला, ते तो पहिल्यांदा ऐकत असल्यासारखा बसला होता. ना म्हातारी, ना टकलं बेट, ना चकार शब्द. काटा चढत होता, उतरत होता. शेवटी लाट गुहेच्या तोंडावर आली आणि श्वास थांबला. मिळाला! पुरेपूर मिळाला होता आवाज! तिला नाचावंसं वाटलं.

बटण बंद करायला हात पुढे गेला आणि थांबला. तिने माइक ओठांजवळ आणला.

"सांगितलं नाही," ती अगदी हळू म्हणाली, "कारण सांगितलं असतं तर तू बोलायचा थांबला असतास... काम नसलं तरी येईन मी."

तो ढिम्म. तिच्याकडे बघतोय, पण तोंडातून शब्द नाही. ती थांबली. आणखी थांबली. आता काय म्हणावं या माणसाला! नको तेव्हा धो धो, आणि हवं तेव्हा मौनव्रत!

"अरे, बोल ना काहीतरी!" ती माइकमध्येच ओरडली.

तो कानठळ्या बसून जागच्या जागी उडाला. पण हेडफोन काही काढले नाहीत. उलट दोन्ही हातांनी कानावर घट्ट दाबून धरले.

"श्श..." तो म्हणाला. "जरा गप्प बस ना. मघाचं अजून ऐकतोय."

"मी गप्प बसू? मी? आणि हे तू मला सांगतोस?"

त्याने फक्त तिचा हात धरला. ओल्या दोराने खरखरीत झालेला तळवा, पण धरणं किती जपून! तिच्या ओठांवर त्याला सुनावायचं केवढं काय काय आलं होतं. ते सगळं तिने गिळलं, फळीवर त्याच्याशेजारी बसली, आणि चक्क गप्प बसली.