पुतळामावशीची ओटी

हे घडलेलं आहे. सुनयनाने देवघरापुढे बसून, हात जोडून सांगितलं. देवापुढे ती खोटं बोलत नाही.

गेल्या वर्षीची वैशाख अमावस्या. सारसोळ्याची खाडी. संध्याकाळचे साडेसहा.

सुनयना कोपरखैरण्याची. पावसाळा संपल्यापासून ती खाडीतली खारफुटी जगवण्याच्या कामावर होती. चिखलात लावलेली तिवराची रोपं मोजायची. प्रत्येक रोपाला काठी, काठीला नंबरचा पत्र्याचा बिल्ला.

काम जोडीनेच करायचं. एकीने कमरेला दोरी बांधून चिखलात उतरायचं, दुसरीने बांधावर टोक धरायचं. दोरीला दोन झटके आले, की पाणी फिरलं, भरती लागली. असशील तिथून परत ये.

तिची जोडीदारीण पुतळामावशी, सारसोळ्याचीच कोळीण.

मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी सुनयनाकडे उद्यापन होतं. तिने फोन केला, "मावशी, आज राहू दे. उद्या करू."

मावशी हसली. "तू तुझी लक्ष्मी बसव गो. मी दोरी खुंट्याला बांधते."

खुंटा झटके देत नाही...

त्या संध्याकाळी भरतीने मावशीला नेलं.

सवाष्ण गेली. गावच्या बायकांनी तिची ओटी भरली. सुनयना गेलीच नाही. कुठल्या तोंडाने जाणार? पण ते तिला आतून खात राहिलं.

आणि आता, त्या अमावस्येला, हंगामाचा शेवटचा दिवस. बिल्ले काढून आणले की काम संपलं. बांधावर दोरी धरायला मावशीची सून रंजिता होती.

"ताय, पिशवीत नारल कशाला?"

"मावशीची ओटी राहिलीय गं माझ्याकडून. निरोप तरी नीट घेते."

रंजिताने तिच्या कमरेची दोरी आवळली. मग म्हणाली, "एकेचालीस नंबरला भर. आयनी सोताच्या हातानं लावलाय तो. पन लवकर ये. तुझ्या पूजेला तास लागतो, खाडी काय आरतीला थांबत नाय."

सगळे बिल्ले काढून सुनयना शेवटी एकेचाळीसपाशी आली. बुंध्याला हळदकुंकू लावलं. खण, नारळ, ओंजळभर तांदूळ ठेवले.

"मावशी, चुकले मी."

ओटी घेणारी त्यातले चार दाणे परत देते, भरणारीच्या पदरात. सवयीने सुनयनाने पदर पुढे केला.

इथे देणार कोण?

ती डोळे मिटून तशीच रडत राहिली. किती वेळ, तिलाही कळलं नाही.

मग जाणवलं...

आवाज नाही.

चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या माशांची टपटप नाही. बगळे नाहीत. पलीकडच्या रस्त्यावरच्या गाड्यासुद्धा नाहीत.

आणि दोरीला झटका बसला.

एक...

दोन.

तिने डोळे उघडले. पायाशी पाणी होतं! मागच्या ओढ्यातून भरती गुपचूप आत शिरली होती. तिने पदर कमरेला खोचला आणि दोरी धरून, चिखल तुडवत, देवाचं नाव घेत कशीबशी बांध गाठला.

बांधावर कुणी नव्हतं.

रंजिता रस्त्याकडून पाण्याची बाटली घेऊन धावत आली.

"बरं झालं ओढलीस गं."

"मी कुठं ओढली? मी तर पानी आनायला गेलते. पाच मिन्टं. दोरी खुंट्याला बांधून..."

ती बोलता बोलता थांबली. खुंट्याकडे बघत राहिली.

"ताय... ही गाठ माजी नाय."

"मग?"

"अशी आय मारायची."

दोघी मागे वळून न बघता घरी गेल्या.

घरी सुनयनाने कमरेचा खोचलेला पदर सोडला. फरशीवर काहीतरी पडलं.

तांदळाचे चार दाणे. ओले. खाडीच्या चिखलाने काळवंडलेले.

ओटी पोचली म्हणायची. तिने ते दाणे डोळ्यांना लावले आणि देवापुढे वाटीत ठेवले. मावशीने चूक पोटात घातली, असं समजून ती त्या रात्री शांत झोपली.

तिथेच संपायला हवं होतं.

पण आता ती रोज दिवेलागणीला देवापुढे बसते. वात पेटते. सगळं गप्प होतं...

आणि कमरेला झटका बसतो. दोरी नसताना.

एक...

दोन.

दोन झटके म्हणजे परत ये.

सुनयना वाटीतल्या दाण्यांकडे बघत बसते. जागची हलत नाही. ती तर तिच्या घरीच असते ना...

मग परत कुठे?