चोंग-तोरचा आकडा

त्याच्या फोनच्या चार्जिंगच्या भोकात कापूस अडकला होता. मे अर्धा सरला आणि बिश्केकमधल्या पॉप्लरच्या झाडांचा कापूस उडायला लागला, की माझ्या गाळ्यावर असे आठ-दहा फोन रोज येतात. मी सुईने कापूस काढत होते आणि तो काउंटरवर कोपरं टेकून माझ्या बोटांकडे बघत होता. बघू दे बापडा, मी मनात म्हटलं.

फोन मात्र भारी होता. बाजारात येऊन महिनाही झाला नव्हता.

"झालं," मी म्हटलं. "खिशात ठेवताना तोंड वर ठेवत नका जाऊ."

त्याने फोन घेतला आणि आभार मानायच्या आधी नेटचा स्पीड मोजायला घेतला. काटा फिरला, थांबला.

"सत्तावीस," तो खुशीत म्हणाला.

"या गाळ्यात बावीसच्या वर जात नाही."

"असं कोण म्हणतं?"

"मी म्हणते. सकाळ, दुपार, संध्याकाळ मोजून म्हणते."

त्याने मान वर केली. डोळे जरा जास्तच हसरे होते... मला असे डोळे आवडत नाहीत. म्हणजे आवडतात, म्हणूनच आवडत नाहीत.

"तुम्ही... बुरुलाय तर नाही? 'पाच काठ्या'वाल्या?"

'पाच काठ्या' हा आमचा ग्रुप. फोनच्या कोपऱ्यात रेंजच्या काठ्या दिसतात ना, त्यावरून नाव. चारशे माणसं, आणि सगळी एकापेक्षा एक खुळी. कुठल्या फोनचा कॅमेरा अंधारात बरा, कुठलं ॲप बॅटरी खातं, कुठल्या गल्लीत कुठलं सिम किती पळतं, यावर दिवसभर हमरीतुमरी. मी त्यांची ॲडमिन.

"आणि आपण कोण?"

"ग्रुपवर इल्बिर्स. घरी इल्गिझ."

माझ्या हातातली सुई हातातच राहिली. इल्बिर्स, म्हणजे हिमबिबट्या, तीन आठवड्यांपूर्वी ग्रुपवर आला होता आणि आल्या आल्या त्याने लिहिलं होतं की चोंग-तोरच्या कुरणावर लाल कंपनीच्या सिमला अठ्ठेचाळीसचा स्पीड आहे. अठ्ठेचाळीस. जिथे याकसुद्धा विचार करून पाऊल टाकतात, तिथे.

बाहेर थेंब पडायला लागले. त्याने पिशवीतून छत्री काढून उघडली. लालभडक छत्री, वर लाल कंपनीचं चिन्ह.

अच्छा, मी मनात म्हटलं. असं आहे तर.

माझा हा संशय उगाच नाही. आदल्या वर्षी असाच एक जण गोड बोलून ग्रुपवर आला होता. आम्ही दर उन्हाळ्याच्या तोंडाला एक तक्ता काढतो, कुठल्या कुरणावर कुठलं सिम चालतं त्याचा. जनावरं घेऊन वर जाणारी माणसं तो तक्ता बघून सिम घेतात. त्या माणसाने चोंग-तोरपुढे लाल सिमचे खोटे आकडे भरले. तो लाल कंपनीचीच सिमं विकायचा, हे नंतर कळलं. माझे बाबा लाल सिम घेऊन वर गेले, घोड्यावरून पडले, पाय मोडला, आणि दीड दिवस हातात फोन धरून तंबूत पडून राहिले. एकही काठी नाही. शेजारच्या कुरणावरचा मेंढपाळ हरवलेलं शिंगरू शोधत आला म्हणून ते वाचले.

तेव्हापासून ग्रुपचा नियम मी लिहिला. एक आकडा खोटा निघाला, की माणूस त्याच दिवशी बाहेर. कारण विचारायचं नाही, रडगाणं ऐकायचं नाही. दुधाने तोंड पोळलेली मी, ताकही फुंकून पिणारच.

यंदा बाबा पाच जूनला वर जाणार होते. त्यांचा फोन जुना, बटणांचा, एकाच सिमचा. वर्षभरात टॉवर बदलतात, म्हणून सिम लाल की निळ्या कंपनीचं, हे मला ठरवायचं होतं. आणि हा हसऱ्या डोळ्यांचा माणूस म्हणत होता, लाल.

मी त्याच्यावर पाळत ठेवली. त्याला वाटलं, मी त्याच्याशी गप्पा मारतेय.

"काम काय करतोस?" मी मेसेज केला. दुसऱ्याच दिवशी आम्ही अरे-तुरेवर आलो होतो.

"रस्त्यांची मोजणी. म्हणून तर डोंगरात फिरतो."

"आणि ती छत्री?"

"फुकट वाटत होते. का, तुला हवी?"

"एवढा महागडा फोन पण फुकट वाटत होते का?"

"तो हप्त्यावर आहे. चौकशी लग्नाची चालली आहे की चोरीची, तेवढं सांग. त्याप्रमाणे उत्तरं देतो."

मी फोन उलटा ठेवला आणि पाच मिनिटांनी परत सुलटा केला.

रविवारी ग्रुपची बैठक असते, चहाच्या दुकानात. समोशासारखे तंदूरमधले गरम साम्सा, चहाच्या किटल्या आणि मधोमध फोनांचा ढीग. इल्गिझ आला तो थेट माझ्या शेजारी बसला. मी स्पीड मोजला, त्यानेही मोजला. ग्रुपवर त्याने याच दुकानाचा आकडा चाळीस लिहिला होता, आता तो निम्म्यावर आलेला.

"बघा," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "एकटा असला की चाळीस, मी शेजारी बसले की वीस."

"तू शेजारी बसलीस की माझं काहीच धड चालत नाही," तो साम्साचा तुकडा मोडत म्हणाला. "आकडा तर बिचारा साधा आहे."

सगळे हसले. माझे कान तापले. शामशी-बाइके, म्हणजे शामशीदादा, आमच्यातले सगळ्यात वडीलधारे, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, त्यांनी चष्मा पुसला.

"पोरी, दोघं एकाच वेळी मोजता, तर टॉवर दोघांना वाटून देतो. त्यात त्याचा काय गुन्हा?"

"तुम्ही त्याची बाजू घेऊ नका, बाइके. कुठेतरी पाणी मुरतंय."

"मग चल," इल्गिझ म्हणाला. आता तो हसत नव्हता. "चोंग-तोरला चल. तुझ्या डोळ्यांदेखत मोजतो."

गेलो. शामशी-बाइकेंच्या जुन्या जीपमधून, तिघं. खिंडीत गारांसकट पाऊस लागला, वायपर बंद होता म्हणून इल्गिझ हात बाहेर काढून काचेवर फडकं फिरवत होता, आणि त्याची बाही कोपरापर्यंत भिजली होती. मी माझी शाल पुढे केली. केली म्हणजे... ती मांडीवर नुसती पडलीच होती.

माझ्या फोनमध्ये दोन सिमांची सोय आहे, पण मी एकच घालते. एकावर भरवसा नाही, तिथे दोन कुठे सांभाळू? त्या दिवशी मुद्दाम लाल घातलं होतं. चोंग-तोरला पोचलो. हिरवंगार कुरण, ओल्या गवताचा वास, कडेला अजून बर्फाचे ढिगारे. बाइके एका ओळखीच्यांच्या तंबूत कुमिस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, प्यायला गेले. मी फोन काढला.

एकही काठी नव्हती.

इल्गिझने त्याचा फोन काढला. काटा फिरला. शेहेचाळीस. वर नाव, लाल.

"बघ," तो म्हणाला.

"दे इकडे."

खोटारडा माणूस फोन देताना एक क्षण तरी थबकतो. मी वर्षानुवर्षं हेच बघतेय. याने तो असा दिला, जसं कुणी हातातला पेला धरायला देतं. मी सुईने सिमचा कप्पा उघडला, त्याच्या दोन सिमांतलं लाल सिम बाहेर काढलं, कप्पा बंद केला आणि पुन्हा मोजलं.

शेहेचाळीस. वर नाव, लाल. आणि लाल सिम माझ्या तळहातावर.

आम्ही दोघं त्या इवल्याशा तुकड्याकडे बघत राहिलो.

"नावं..." तो हळूच म्हणाला. "नवा फोन घेतला तेव्हा सिमांना नावं मीच टाकली होती. उलटी टाकली... शहरात दोन्ही सारखीच पळतात, एकोणीस-वीसचा फरक. मला कधी कळलंच नाही."

म्हणजे चोंग-तोरला चालत होतं ते निळं. त्याचे महिनाभराचे सगळे आकडे उलटे. आणि मी जर त्याच्या हसऱ्या डोळ्यांवर भाळून बाबांना लाल सिम दिलं असतं, तर... पण राग येईना. त्याचा चेहरा इतका उतरला होता की मला त्याचीच काळजी वाटायला लागली.

"कुणाला कळलेलं नाही," मी बोलून गेले. मी, बुरुलाय, नियम लिहिणारी. "तुझे जुने आकडे मी गुपचूप काढून टाकते. नवे भर."

त्याने माझ्या तळहातावरचं सिम उचललं.

"नको. कुणीतरी ते बघून आधीच सिम घेतलं असेल."

तो तिथेच दगडावर बसला आणि लिहायला लागला. मी मागून वाचलं. 'माझे महिनाभराचे सगळे आकडे उलटे आहेत. लाल लिहिलंय तिथे निळं समजा, निळं लिहिलंय तिथे लाल. चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही. ज्यांनी सिम घेतलं असेल त्यांनी आजच बदला. इल्गिझ.' खाली स्वतःचा नंबर.

पाठवलं, आणि म्हणाला, "आता तुझं काम कर."

"माझ्या फोनला रेंज नाही."

"मग?"

"तुझं नेट दे."

"मला काढायला माझंच नेट?"

"हो."

त्याने दिलं. शेहेचाळीसच्या स्पीडने मी त्याला ग्रुपमधून बाहेर काढलं. पापणी लवायच्या आत. मला वाटलं होतं बरं वाटेल, पण वाटलं नाही. तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "चला, बाइके वाट बघत असतील." परतीच्या वाटेवर तो पुढे बसला, मी मागे, आणि खिंड उतरेपर्यंत बाइके एकटेच बोलत होते.

त्यानंतर अकरा दिवस त्याचा एक मेसेज नाही. ग्रुपवर तो नव्हताच. मी पन्नासदा लिहिलं आणि पुसलं. आता संशय मला माझाच यायला लागला. नियम पाळला मी, की भ्याले? ज्याला खोटं बोलायची आयती सोय करून दिली आणि तरी जो खरं बोलला, असा माणूस मला आयुष्यात कितीदा भेटणार होता?

बाबा निळं सिम घेऊन वर गेले. सहा जूनला दुपारी गाळ्यावर गिऱ्हाईक असताना फोन वाजला.

"बुरुल, ऐकू येतंय?"

"येतंय, बाबा." माझे डोळेच भरून आले. शेजारी उभे असल्यासारखे ते बोलत होते. मागे घोडं फुरफुरलं तेही ऐकू आलं.

"इथे एक पोरगा आलाय. इल्गिझ म्हणून. शामशी-बाइकेंनी माझा तंबू सांगितला, म्हणतो. रस्ता मोजायला आलो म्हणतो, पण रस्ता सोडून माझ्या तंबूत बसलाय. सकाळपासून तंबूचे खुंट ठोकून दिले, पाणी आणलं. मला काही त्याचा भरवसा वाटेना, म्हणून सरळ विचारलं, बाबा रे, तुला हवंय काय?"

माझी सुई खाली पडली.

"म्हणतो, तुमच्या मुलीवर माझं प्रेम आहे, पण तिचा माझ्यावर विश्वास बसत नाही. तिने मला ग्रुपातून काढलं ते बरोबरच केलं, म्हणतो. मी म्हटलं, थांब, तिलाच विचारतो. बोल, हा खरं बोलतो का खोटं?"

गिऱ्हाईक माझ्याकडे बघत होतं. एरवी मुली अशा वेळी 'हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय' म्हणतात आणि सुटतात. मीही म्हटलं असतं. पण आवाज इतका स्वच्छ येत होता की बाबांच्या शेजारी कुणीतरी श्वास रोखून बसलंय, हेसुद्धा मला ऐकू येत होतं.

"खरं बोलतो, बाबा," मी म्हटलं. "तो खरंच बोलतो. आणि माझंही त्याच्यावर... माझंही प्रेम आहे. त्याला जेवू घाला."